मक्याची फेरपालट केली, तरी अळी आलीच, असं का?

प्रश्न : मौदा तालुक्यात माझं पाच एकर वावर आहे. पेंच कालव्याचं पाणी मिळतं. दोन वर्षं ओळीनं मका घेतला, दोन्ही वर्षं लष्करी अळीनं पोंगे, म्हणजे झाडाच्या मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, खाल्ले. मोबाइलवर एका अमेरिकन शेतकऱ्याचा व्हिडिओ पाहिला. मक्यानंतर सोयाबीन घेतलं की पुढच्या मक्याला कीड लागत नाही, औषधाचा खर्चही वाचतो, असं तो सांगत होता. म्हणून गेल्या खरिपात सोयाबीन पेरलं आणि त्याच वावरात रब्बीला मका लावला. अळी पहिल्यापेक्षा जास्तच आली. शेजाऱ्याकडे बारा महिने स्वीट कॉर्न असतो, त्याचा काही संबंध आहे का? फेरपालट नुसती पुस्तकातच चालते का? यंदा काय पेरू?

उत्तर : भाऊ, व्हिडिओतला शेतकरी खोटं बोलत नव्हता, आणि तुम्हीही काही चूक केली नाही. त्याच्याकडची कीड वेगळी, तुमच्याकडची वेगळी, एवढंच. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या वावरांत कीड-रोगाचं काम करता करता माझी पंचवीसेक वर्षं गेली. फेरपालटीबद्दल सगळ्यात जास्त घोळ मी इथेच पाहिला आहे. पीक बदललं की कीड कमी होते, असं कोणी सरसकट सांगू लागलं तर त्याला आधी विचारायचं : कोणती कीड? आणि वावरात पीक नसतं तेव्हा ती राहते कुठं?

आधी त्या अमेरिकन शेतकऱ्याचं पाहू. त्याच्याकडे मक्याची मुळं खाणारी एक कीड आहे, तिला तिकडे रूटवर्म म्हणतात. आपल्याकडे ती नाही. तिचे भुंगे उन्हाळा सरता सरता मक्याच्या वावरात, मक्याच्या बुडाशी मातीत अंडी घालतात. अंडी सगळा हिवाळा मातीतच काढतात आणि पुढच्या हंगामात, नवं पीक मुळं धरू लागतं तेव्हा फुटतात. निघालेली अळी दोऱ्यासारखी बारीक. मातीतून हात-दीड हातापलीकडे ती सरकू शकत नाही आणि जगायला तिला मक्याचीच मुळं लागतात, फार तर काही गवतांची. आता त्या जागी सोयाबीन पेरलेलं असलं तर? आईनं अंडी ठेवली मक्याच्या भरवशावर आणि पिल्लू जन्मलं सोयाबीनच्या वावरात. चार-दोन दिवसांत उपाशी मरतं. फवारणी नाही, खर्च नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्या याच युक्तीवर मका पिकवला.

पण पुढची गोष्टही ऐका. १९८० च्या दशकाच्या शेवटी इलिनॉय राज्यात सोयाबीननंतरच्या मक्यातही मुळं खाल्लेली दिसू लागली. वर्षानुवर्षं एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन असा ठरलेला पाळणा चालला होता. त्यात सोयाबीनच्या वावरात जाऊन अंडी घालण्याची सवय असलेल्या माद्यांचीच पिल्लं पुढच्या वर्षी मक्यात जन्मू लागली, आणि तीच वाढली. या किडीच्या दुसऱ्या एका जातीनं वेगळीच वाट काढली. तिची काही अंडी एक हिवाळा सोडून दुसऱ्या हिवाळ्यानंतर फुटू लागली, म्हणजे मका परत येईल त्याच वर्षी. औषधाला कीड सरावते हे आपल्याला माहीत आहे. फेरपालटीलाही सरावते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून चहा प्यायलो होतो.

आता तुमच्या अळीकडे या. अमेरिकन लष्करी अळी मूळची तिकडचीच. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत सापडली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. खुद्द अमेरिकेत ती फेरपालटीला भीक घालत नाही. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात ती मरून जाते, आणि दरवर्षी फ्लोरिडा-टेक्सासकडून पतंग उडत उडत पुन्हा वर जातात. म्हणजे व्हिडिओतल्या शेतकऱ्याच्या वावरात जी अळी येते तीही बाहेरूनच येते. त्याचं सोयाबीन तिला अडवत नाही.

थोडा हिशेब करून पाहा. पतंगाची मादी पानावर शे-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते, वर लोकरीसारखी पांढुरकी लव पसरते. आयुष्यभरात अंडी हजाराच्या वर जातात. ती दोन-तीन दिवसांत फुटतात. अळी दोन ते तीन आठवडे खाते, मग झाडावरून खाली उतरून जमिनीत दोन ते आठ सेंटिमीटर खोल कोषात जाते. उन्हाळ्यात आठ-नऊ दिवसांत, थंडीत जास्तीत जास्त तीन-चार आठवड्यांत कोषातून पतंग बाहेर. झोपून राहणं, पुढच्या मोसमाची वाट पाहणं हा प्रकार या किडीत नाहीच. तुमचा आधीचा मका निघाल्यापासून रब्बीचा मका उगवेपर्यंत मध्ये सोयाबीनचं अख्खं पीक गेलं. तेवढ्या काळात तुमच्या मातीत आधीच्या मक्याचा एकही जिवंत कोष उरलेला असणं शक्य नाही. तुम्ही सोयाबीन पेरलं काय, तूर पेरली काय किंवा वावर पडीत ठेवलं काय, फरक शून्य. तुमच्या वावरात आली ती अळी जमिनीतून आली नाही, ती रात्री उडत आली. हा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. मौद्याहून नागपूर त्याच्या निम्मंही नाही.

मग जास्त का आली? माझा अंदाज असा. खरिपात आजूबाजूला मका बराच असतो, पतंग त्यात वाटले जातात. रब्बीत तुमच्या शिवारात सगळीकडे धानाची धसकटं, चना आणि गहू. कोवळा मका तेवढा तुमचा. आणि शेजारी स्वीट कॉर्नचे तुकडे : एक काढणीला आलेला, एक गुडघ्याएवढा, एक नुकता उगवलेला. त्यामुळे पतंग तयार होण्याचं काम बारा महिने चालू. शेजाऱ्याचा संबंध आहे का, असं तुम्ही विचारलं. आहे, आणि तुमच्या फेरपालटीपेक्षा त्याचाच जास्त आहे. त्याला दोष देऊ नका, नागपूरच्या बाजारात भुट्टा बारा महिने विकतो, तो पिकवणारच. पण त्याच्याशी बोलता येईल, ते खाली सांगतो.

एवढं वाचून फेरपालट टाकाऊ समजू नका. मक्यात दुसऱ्याही किडी आहेत आणि त्यांच्यातल्या काही अगदी घरकोंबड्या.

सावनेर तालुक्यात एक काका आहेत. शेती नेटकी, धुरे साफ, वहीत खर्च लिहिणारा माणूस. काही वर्षांमागे त्यांच्या मक्यात पोंगेमर (मधला पोंगाच वाळून झाड मरणं) इतकी झाली की एकेका तासात, म्हणजे ओळीत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाडं उभी. काका म्हणाले, "साहेब, मी तर दरसाल पीक बदलवतो, मग कीड आली कुठून?" काय बदलवता म्हणून विचारलं. एक वर्ष ज्वारी, एक वर्ष मका. मी त्यांना घेऊन वावराच्या कडेला रचलेल्या कडब्याच्या गंजीकडे गेलो. एप्रिल चालू होता, कडबा हातात मोडत होता. चार-पाच धांडे ओढून घेतले, खिशातल्या चाकूनं उभे चिरले. दुसऱ्याच धांड्यात पेऱ्याच्या वर पोकळी, भुसा, आणि भुशात मळकट पांढरी अळी आडवी पडलेली. चाकूचं टोक लावलं तर आळस दिल्यासारखी हलली. हा खोडकिडा. हिरव्या पिकात याच्या अंगावर काळसर ठिपक्यांच्या रांगा असतात, सुस्तीत गेला की ठिपके जातात, म्हणून कित्येकांना ही वेगळीच अळी वाटते. ती उन्हाळाभर अशी पडून राहते. मृगाचा पाऊस पडला, हवेत ओल आली की कोषात जाते, पतंग होते, आणि तोवर तुमचं नवं पीक दोन-चार पानांवर आलेलं असतंच.

काकांनी वावर बदललं नव्हतं, गंजीची जागा बदलली नव्हती, आणि पीकही किड्याच्या नजरेनं बदललं नव्हतं. खोडकिड्याला ज्वारी माहेर आणि मका सासर, दोन्हीकडे पोटभर जेवण. आपण कागदावर पीक बदलतो, किड्याच्या ताटात तेच असतं. काकांनी त्या वर्षी पाऊस लागायच्या आत सगळा कडबा कुट्टी करून घेतला, धसकटं वेचून जाळली, ज्वारीच्या जागी तूर आणली. पुढच्या खरिपात पोंगेमर नावापुरती उरली. अर्थात एका वावरावरून छातीठोक दावा करू नये, त्या साली पाऊसही वेगळा होता. पण चिरलेला धांडा खोटं सांगत नाही.

कापूसवाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात जो घात केला, त्यानंतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे एकच सांगत होते : फरदड (हंगाम संपल्यावरही उभा ठेवलेला कापूस) ठेवू नका, डिसेंबरअखेर उलंगवाडी (शेवटची वेचणी) करा, पऱ्हाटीच्या काड्या घरामागे रचून ठेवू नका. ती अळी जवळपास कापसावरच जगते आणि बोंडात, सरकीत सुस्त पडून राहते. तिला पाच-सहा महिने कापूस दिसू दिला नाही तर ती उपाशी मरते. खोडकिड्याच्या बाबतीत पऱ्हाटीच्या जागी कडबा, एवढाच फरक. गंमत म्हणजे आपला हा ठिपक्यांचा खोडकिडा १९३० च्या सुमारास आशियातून आफ्रिकेत गेला आणि तिथल्या मक्याची त्यानं दैना केली. आफ्रिकेनं २०१८ मध्ये लष्करी अळी पाठवून फिट्टंफाट केली म्हणायची.

तुमच्या भागात मात्र मला ठिपक्यांच्या खोडकिड्यापेक्षा गुलाबी खोडकिड्याची काळजी जास्त. तो ज्वारी, मका, गहू, ऊस आणि धान असं सगळं खातो. मौदा, रामटेक, पारशिवनी या पट्ट्यात धान निघालं की बांधीत थेट रब्बीचा मका किंवा गहू लावायची पद्धत वाढते आहे. इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक वाढलं, त्यामुळे अजून वाढेल. धान-मका-गहू ही तीन नावं तुम्हाला वेगळी वाटतात. गुलाबी खोडकिड्याला ते एकच कुरण. धानाच्या धसकटांत बसलेली त्याची अळी शेजारी कोवळा मका मिळाला की सोन्याहून पिवळं. त्याची ओळख : अळी पाठीवर गुलाबी, पतंग गवती रंगाचा, अंडी पानाच्या देठाखाली, खोडाला चिकटलेल्या आवरणाच्या आत घातलेली, म्हणून ती सहसा दिसतच नाहीत. धानानंतर मका घ्यायचाच असेल तर सोंगणी जमिनीलगत करा. उभी धसकटं ठेवून शून्य मशागतीनं मका टोबायचा असेल तर पहिले तीन आठवडे रोज फेरी मारा. चिखलणीचा एक फायदा मात्र आहे : खरिपात पाणी साचलेल्या बांधीत हुमणी (मुळं खाणारी जाड पांढरी अळी), कोष वगैरे मातीतली मंडळी फारशी टिकत नाहीत.

हुमणीचं दोन ओळींत आटपतो. तुमच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत ती मोठी अडचण नाही. हलक्या जमिनीत गवत किंवा भुईमूग मोडून मका लावणाऱ्यांनी लक्ष ठेवावं. पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवर संध्याकाळी जमणारे तपकिरी भुंगेरे हलवून पाडून मारणं हा उपाय अजूनही सगळ्यात स्वस्त. आणि शेणखताच्या ढिगात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून खत टाकून देतात. त्या बहुतेक वेळा गेंड्या भुंग्याच्या असतात, कुजलेलं खातात, मक्याची मुळं खात नाहीत.

चन्याबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगतो, कारण तुमच्याकडे मक्यानंतर चना हमखास येतो. मक्याच्या कणसाचं टोक खाणारी हिरवट अळी आणि चन्याची घाटेअळी ही एकच. तीच तुरीवर, तीच कापसावर, तीच टमाटरवर. मका-चना ही फेरपालट जमिनीसाठी चांगली आहे, घाटेअळीसाठी तिचा उपयोग नाही. कणसात मात्र ती फार माजत नाही, कारण एका कणसात चार अळ्या शिरल्या तर एकमेकींनाच खातात. दाणे भरायच्या वेळी टोकाकडे दोन-चार अळ्या दिसल्या म्हणून डोक्याच्या वर गेलेल्या मक्यात फवारा घेऊन घुसणं हा वेडेपणा आहे. औषध उलटून आपल्याच नाकातोंडात येतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आठवा.

आणि एक उलटा फायदा. मका मध्ये घातल्यानं मक्याच्या किडीपेक्षा सोयाबीनच्या किडी जास्त आटोक्यात येतात, असं माझं मत होत चाललं आहे. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा देठाला दोन गोल खाचा करतो, मधे अंडी घालतो, अळी खोड पोखरत खाली जाते आणि काढणीनंतर बुडख्यात सुस्त पडून राहते. पुढच्या पावसाळ्यात निघालेल्या भुंग्याला तिथे मका दिसला तर त्याच्या काही कामाचा नाही. हा भुंगा लष्करी अळीच्या पतंगासारखा शंभर किलोमीटर जाणारा प्राणी नाही. दरसाल सोयाबीनवर सोयाबीन घेणाऱ्यांनी एक वर्ष मका किंवा ज्वारी घालून पाहावी. म्हणजे त्या व्हिडिओचा सल्ला तुम्ही मक्यासाठी घेतला, पण त्याचं फळ तुमच्या सोयाबीनला मिळेल.

आता यंदाचं. पाच एकरांत मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं.

खरिपात तीन एकर सोयाबीन, दोन एकर मका, आणि मक्यात तुरीचं आंतरपीक. दोन तास मका, एक तास तूर, किंवा मजूर-यंत्राच्या सोयीनं चार तास मका, एक तास तूर. लष्करी अळीसाठी डाळवर्गीय आंतरपिकाची शिफारस आहेच. पानांच्या गर्दीत मादीला मका सरळसोट सापडत नाही, आणि उडीद, मूग, तूर असली की कोळी, ढालकिडे, परोपजीवी माश्या या अळीच्या शत्रूंना आसरा मिळतो. पूर्व आफ्रिकेत मक्याच्या ओळींत एक शेंगवर्गीय चारापीक आणि कडेनं गवत लावून आधी खोडकिडा आणि नंतर लष्करी अळीही बरीच खाली आणली. वावराच्या कडेनं तुम्हीही नेपिअर गवताच्या तीन-चार ओळी लावा, अळीसाठी सापळा आणि ढोरांना चारा.

पेरणीची तारीख मात्र एकट्यानं ठरवू नका. इथे मी पिकाच्या निवडीपेक्षा तारखेला जास्त किंमत देतो. गावातले जेवढे मकेवाले आहेत त्यांनी पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांच्या आत पेरणी आटपली तर पतंग सगळ्यांत वाटले जातात आणि पहिली पिढी तयार होईपर्यंत सगळ्यांचाच मका पोंग्याच्या नाजूक अवस्थेतून पुढे निघून जातो. वीस दिवस मागे राहिलेल्या वावराला मात्र आधीच्यांच्या घरचे सगळे पाहुणे एकदम येतात. गेल्या रब्बीत तुमचं तेच झालं. शेजाऱ्याशी बोलायचं ते एवढंच : वर्षातून एकदा, मार्च ते मे म्हणा, सलग दीड-दोन महिने शिवारात हिरवा मका नसू दे. त्या दिवसांत तो उन्हाळी मूग, तीळ किंवा भुईमूग घेऊ शकतो. चाऱ्यासाठी मका आणि ज्वारी दोन्ही नकोत, कारण ही अळी ज्वारीवरही चालवून घेते. तो नाहीच म्हणाला तर निदान काढलेल्या तुकड्यातली झाडं उभी सोडू नको, त्याच दिवशी कापून कुट्टी कर आणि वखर मार, एवढं मान्य करून घ्या. कोष वरच्या चार बोटांत असतात. मोकळ्या उन्हात उघडे पडले की बगळे-साळुंक्या त्यांची व्यवस्था करतात.

रब्बीत सोयाबीनच्या तीन एकरांत चना. मक्याच्या दोन एकरांत तूर उभी असेलच. रब्बीचा मका यंदा वगळा. पुढच्या वर्षी घ्यायचा असेल तर शेजारचे दोघे-तिघे सोबत घेऊन, एका आठवड्यात.

बियाण्याला सायँट्रॅनिलिप्रोल अधिक थायामेथोक्झाम हे मिश्र औषध किलोला सहा मिली चोळून पेरलं तर पहिले पंधरा-वीस दिवस झाड सुरक्षित राहतं. बी आधीच प्रक्रिया केलेलं आहे का ते पिशवीवर पाहा, नाहीतर दुहेरी खर्च. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), उगवण होताच. लूअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, लष्करी अळीचीच मागून घ्या. दुकानात सगळ्या एकाच डब्यात पडलेल्या असतात, आणि चुकीची लावली की सापळा रिकामा पाहून माणूस निवांत झोपतो.

पाहणी कशी करायची, हे सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः इथे फसलो होतो. २०१९ च्या खरिपात एका वावरात पानांना भोकं दिसली, मी दुरूनच खोडकिडा ठरवला आणि पोंग्यात दाणेदार औषध टाकायला सांगितलं. आठ दिवसांनी गेलो तर पोंगे खाऊन साफ. खोडकिड्याची भोकं पान उघडल्यावर आडव्या रांगेत दिसतात, गुंडाळी करून दाभण टोचलं तशी. लष्करी अळीची मोठी, फाटकी, वेडीवाकडी असतात. त्याआधी पानावर कागदासारखे पारदर्शक लांबट चट्टे दिसतात, कारण बाळअळी हिरवं खरवडून खाते आणि पापुद्रा ठेवते. पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा साचते. अळी काढून उन्हात धरा : डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडून दुसऱ्या पेरावर चौकोनात चार ठिपके दिसले की शंका नको.

सकाळी ऊन चढायच्या आत वावरात पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी ओळीनं वीस झाडं पाहा. शंभर झाडं झाली. उगवणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत पाचांपेक्षा जास्त झाडांवर ताजे चट्टे असतील तर हालचाल करायची. चट्टे कागदी असतील तोवर पाच टक्के निंबोळी अर्क किंवा ॲझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम लिटरला पाच मिली. पोंग्यात भुसा दिसू लागला तर स्पिनेटोरम ११.७ टक्के लिटरला अर्धा मिली, किंवा क्लोरँट्रॅनिलिप्रोल १८.५ टक्के लिटरला ०.४ मिली. दोन्ही आलटून पालटून वापरा, एकच सलग नको. नोझल पोंग्यावर धरा, वावरभर पाऊस पाडल्यासारखं फिरू नका. अळी जन्मभरात जे खाते त्यातलं तीन चतुर्थांश शेवटच्या अवस्थेत, चार-पाच दिवसांत खाते. म्हणून "काल तर काहीच नव्हतं, रातोरात फस्त केलं" असं लोक म्हणतात. होतं, दिसलं नव्हतं. आणि मोठ्या अळ्या पोंग्यात विष्ठेच्या बुचाखाली गेल्यावर औषध वरच राहतं. त्या वेळी दोन एकरांत घरच्या दोन माणसांनी हातानं अळ्या चिरडणं फवारणीपेक्षा स्वस्त पडतं. नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकणारेही आहेत. छोट्या तुकड्यात चालतं ते.

तुमच्या घरी जनावरं असतीलच, म्हणजे मागच्या मक्याचे धांडे कुठेतरी रचलेले असणार. मृग लागायच्या आत पाच-दहा धांडे उभे चिरून पाहा. आत पांढऱ्या सुस्त अळ्या निघाल्या तर गंजीची पावसाआधी कुट्टी करून घ्या. निघाल्या नाहीत तर खोडकिड्याची चिंता सोडा. मग उगवणीनंतर दहाव्या दिवशी शंभर झाडं मोजा आणि चट्टे असलेल्या झाडांचा आकडा, पेरणीची तारीख आणि सापळ्यात पडलेले पतंग एवढं लिहून पाठवा. त्यावरून फवारणी लागते की नाही, ते सांगतो.